पोलीस युनियनने पाठिंबा दिलाय, मग मत द्यायचं का? आधी एवढं तपासा

कॅलिफोर्नियात मतदारयादीत नाव असलं की निवडणुकीच्या चार आठवडे आधी मतपत्रिका टपालाने घरी येते. उमेदवारांची पत्रकं त्याही आधीपासून यायला लागतात. नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे ऐन दिवाळीचे दिवस. स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चाललेला आणि टपालपेटीत हसऱ्या चेहऱ्यांचा ढीग. सिटी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या सभागृहाला, उभ्या असलेल्यांच्या पत्रकावर एक ओळ बहुतेकदा असतेच: 'आपल्या पोलिसांचा यांना पाठिंबा आहे.' मग ओळखीतले कुणी ना कुणी मला विचारतात, "ताई, पोलीस ज्याच्या मागे उभे आहेत तोच बरा ना? शेवटी सुरक्षितता महत्त्वाची."

सुरक्षितता महत्त्वाचीच आहे. पण तो पाठिंबा कुणाचा, कशासाठी आणि त्याचा हिशेब शहराच्या तिजोरीत कुठे दिसतो, हे पाहिल्याशिवाय त्या एका ओळीवर मत देऊ नका. मी सॅन होजेत राहते आणि अकाउंटंट आहे, त्यामुळे मला कागद वाचायची सवय आहे. पण हे कागद वाचायला अकाउंटंट असावं लागत नाही. एक निवांत संध्याकाळ, लॅपटॉप आणि चहा एवढं पुरतं.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा सगळा प्रकारच नवा असतो. आपल्याकडे पोलीस राज्य सरकारच्या गृहखात्याखाली, पगार वेतन आयोगाच्या हिशेबाने. महापालिकेच्या नगरसेवकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पोलिसांनी सरकारच्या परवानगीशिवाय संघटना करू नये असा १९६६ चा केंद्राचा कायदा आहे. उमेदवाराचा प्रचार करायचा तर प्रश्नच येत नाही, नोकरी जाईल. माझे वडील मुंबई पोलिसांत शिपाई होते, आमचं लहानपण नायगावच्या पोलीस लाइनीत गेलं. ऑगस्ट १९८२ मध्ये सरकारने पोलिसांच्या संघटनेवर कारवाई केली, पोलीस रस्त्यावर उतरले, दंगल उसळली आणि शहर सांभाळायला बाहेरून दलं बोलवावी लागली. त्यानंतर आमच्या घरात 'संघटना' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नाही. बारा-बारा तासांची ड्यूटी आणि दीड खोलीचं क्वार्टर्स मी पाहिलंय. पोलिसाला संघटना असावी आणि त्याला चांगला पगार मिळावा, हे मला मनापासून वाटतं. म्हणून इथे जे लिहितेय ते पोलिसांच्या विरोधात आहे असं समजू नका.

इथलं गणित कसं चालतं ते आधी बघू. कॅलिफोर्नियात १९६८ च्या कायद्याने शहरांच्या कर्मचाऱ्यांना संघटनेमार्फत पगाराची बोलणी करायचा हक्क मिळाला. शहर आणि पोलीस युनियन यांच्यात काही वर्षांचा लेखी करार होतो. बोलणी सिटी मॅनेजरची, म्हणजे शहराचा कारभार बघायला नेमलेल्या प्रमुख अधिकाऱ्याची, माणसं करतात, पण कुठवर जायचं हे कौन्सिल बंद दाराआड ठरवतं आणि करारावर शेवटचं मतदान कौन्सिलच करतं. सॅन होजेत दहा वॉर्डांचे दहा सदस्य आणि मेयर, असे अकरा जण. सहा मतं मिळाली की करार मंजूर. मेयरचंही एकच मत.

म्हणजे युनियन ज्याला निवडून आणायला मदत करते, तोच माणूस पुढे तिच्या पगारावर शहराच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या वतीने मत देतो. यात बेकायदेशीर काही नाही. बिल्डर हेच करतात, घरमालकांच्या संघटना हेच करतात, शाळेच्या बोर्डाच्या निवडणुकीत शिक्षकांची युनियनही हेच करते. फरक एवढाच, की बिल्डरचा पाठिंबा आहे असं कुणी पत्रकावर ठळक अक्षरांत छापत नाही आणि पोलिसांचा मात्र छापतात, कारण त्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे.

पत्रक उलटं करून बघा

पुढची बाजू तुम्हाला पटवण्यासाठी केलेली असते. कामाची माहिती मागच्या बाजूला, पत्त्याच्या आसपास बारीक अक्षरांत असते. खर्च कुणी केला, हे तिथे छापावंच लागतं. तिथे उमेदवाराच्या स्वतःच्या समितीचं नाव असेल तर पत्रक त्याचं. तिथे दुसऱ्याच एखाद्या समितीचं नाव असेल आणि 'उमेदवाराने याला संमती दिलेली नाही' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तो स्वतंत्र खर्च. उमेदवाराला थेट देता येणाऱ्या देणगीवर मर्यादा घालता येते, स्वतंत्र खर्चावर घालता येत नाही. त्यामुळे मोठा पैसा या दुसऱ्या वाटेने येतो.

समितीचं नाव गोड असतं: सुरक्षित शेजार, चांगलं शहर, असं काहीतरी. पण समिती एखाद्या संघटनेने पुरस्कृत केलेली असेल तर त्या संघटनेचं नाव समितीच्या नावात असावंच लागतं, म्हणून पूर्ण नाव शेवटपर्यंत वाचा. त्याखाली मोठ्या देणगीदारांची यादी असते. पन्नास हजार डॉलर किंवा जास्त देणाऱ्यांपैकी पहिल्या तिघांची नावं तिथे यावी लागतात. पत्रक पोलिसांचं वाटतं आणि पैसे देणाऱ्यांत मालमत्तावाले दिसतात, असंही होतं.

एका जातीच्या पत्रकापासून मात्र फार जपा. त्यावर राष्ट्राध्यक्षापासून पाणीपुरवठा बोर्डापर्यंत सगळ्या जागांसाठी नावं छापलेली असतात, वर बिल्ला किंवा ढाल असते, आणि नाव पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या संघटनेसारखं असतं. याला इथे स्लेट मेलर म्हणतात. यात जागा विकत मिळते. ज्याच्या नावापुढे तारका (*) असते त्याने छापून यायचे पैसे भरलेले असतात, आणि तसा खुलासा पत्रकात कुठेतरी दिलेला असतो. पोलिसांची किंवा अग्निशामकांची संघटना असल्यासारखं नाव लावलं असेल तर त्या संघटनेचे सदस्य किती, हेही सांगावं लागतं. तो आकडा शोधा. सॅन होजेची खरी पोलीस युनियन म्हणजे सॅन होजे पोलीस ऑफिसर्स असोसिएशन. दुसरं कुठलंही नाव असलं तर ते शहराच्या पोलिसांचं मत समजू नका.

आणि युनियन म्हणजे पोलीस खातं नव्हे. खात्याच्या प्रमुखाला सिटी मॅनेजर नेमतो. तो नोकरदार आहे, खातं कुणाला पाठिंबा देत नाही. गणवेशात असताना राजकीय काम करायला कॅलिफोर्नियात कायद्याने मनाई आहे. उमेदवाराच्या पत्रकावर त्याच्या खांद्याला खांदा लावून गणवेशातला पोलीस उभा असेल, तर तो फोटो कुठल्या प्रसंगाचा आहे, हे त्याला जरूर विचारा.

पैसा कुठून आला

कॅलिफोर्नियात हे पाहणं सोपं आहे. शहराचं दप्तर सांभाळणाऱ्या सिटी क्लार्कच्या संकेतस्थळावर निवडणुकीच्या देणग्यांचे अर्ज असतात. तीन आकडे लक्षात ठेवा: ४६०, ४९६ आणि ४९७. ४६० हा सविस्तर जमाखर्च, निवडणुकीआधी तो दोनदा येतो. शेवटच्या नव्वद दिवसांत कुणी एक हजार डॉलर किंवा जास्त स्वतंत्र खर्च केला तर चोवीस तासांत ४९६ भरावा लागतो. तसंच तेवढी देणगी दिली-घेतली तर ४९७. माझा भर ४९६ वर असतो, कारण शेवटच्या पंधरवड्यात कोण कुणासाठी आणि कुणाविरुद्ध किती ओततंय, ते तिथे दिसतं. 'विरुद्ध'चा रकाना चुकवू नका. पाठिंब्यापेक्षा विरोध पुष्कळ काही सांगून जातो.

याचं ठसठशीत उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. २०२३ मध्ये तिथल्या कौन्सिलपुढे पोलिसांचा चार वर्षांचा करार आला. दरवर्षी पगारवाढ, नव्यांच्या सुरुवातीच्या पगारात मोठी वाढ, टिकून राहणाऱ्यांना बोनस. बारा विरुद्ध तीन मतांनी तो मंजूर झाला. विरोधात गेलेल्या तिघांत नित्या रामन होत्या, आणि तिघांपैकी त्यांचीच जागा २०२४ मध्ये निवडणुकीला होती. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने पोलीस युनियन, अग्निशामकांची युनियन आणि इतर गट उतरले. बाहेरून झालेला खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला. रामन मार्चच्या पहिल्या फेरीतच अर्ध्याहून थोडी जास्त मतं घेऊन निवडून आल्या. त्या चांगल्या की वाईट, हे त्यांच्या मतदारांनी ठरवावं. पण त्या वेळी टपालपेटीत आलेल्या पत्रकांवर पगाराच्या कराराबद्दल वाचायला मिळालं असेल अशी आशा धरू नका. पत्रकावर गुन्हेगारी असते, बेघरांचे तंबू असतात. करार कौन्सिलच्या कागदपत्रांत असतो, आणि तो आपल्यालाच जाऊन वाचावा लागतो.

करार वाचा

शहराच्या संकेतस्थळावर कर्मचारी-संबंध विभागात सगळ्या युनियनांचे करार ठेवलेले असतात. पोलिसांचा उघडा. शंभरेक पानं पाहून घाबरू नका, सगळी वाचायची नाहीत. करार कधी संपतो, ते पहिल्यांदा बघा. ही तारीख नव्या कौन्सिलच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत येत असेल, तर आज तुम्ही ज्याला मत देताय तोच पुढच्या करारावर बसणार. मग सरसकट पगारवाढीचं कलम. मग भत्ते: प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचा, दुसरी भाषा येत असल्याचा, गणवेशाचा, श्वानपथकाचा, रात्रपाळीचा. आपल्याकडे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या पलीकडे पगाराच्या चिठ्ठीवर जशी बारीकसारीक कलमं असतात, तशीच ही, फक्त इथे रक्कम बारीक नसते. शेवटी शिस्तभंगाची आणि चौकशीची कलमं वाचा. पाठिंबा नेहमी पगारासाठीच असतो असं नाही. चौकशी कोण करणार, शिक्षेविरुद्ध दाद कुठे मागायची, यावरही युनियन तितक्याच हिरिरीने बोलणी करते.

करार मंजुरीला येतो तेव्हा सोबत अधिकाऱ्यांचं टिपण असतं आणि त्यात खर्चाचा परिच्छेद असतो. दरवर्षी किती वाढ आणि ती कुठून भागवणार, हे तिथे लिहिलेलं असतं. 'पुढील अंदाजपत्रकात तरतूद करण्यात येईल' असं मोघम लिहिलं असेल तर पैसे अजून ठरलेले नाहीत. निवृत्तिवेतन वाढवायचं असेल तर त्याचा पुढे किती भार पडेल, हे मतदानाच्या निदान दोन आठवडे आधी जाहीर करावं लागतं.

पगाराची ओळ कशी वाचायची

सरकारी नोकराचा पगार नावासकट सार्वजनिक आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तसा निकाल दिला, पोलिसही त्यातून सुटले नाहीत. २०१० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बेल नावाच्या छोट्या, गरीब शहरात सिटी मॅनेजर वर्षाला आठ लाख डॉलरच्या घरात पगार घेत असल्याचं बाहेर आलं, पोलीसप्रमुखाचा पगार साडेचार लाखांच्या वर होता. त्यानंतर राज्याच्या कंट्रोलरने सगळ्या शहरांचे पगार एका ठिकाणी मांडायला सुरुवात केली. तिथे व्यक्तीचं नाव नसतं, पद असतं. नावासकट पाहायचं तर ट्रान्सपरंट कॅलिफोर्निया आहे, ते एक खासगी संस्था चालवते.

माझी विनंती आहे, तिथे जाऊन पहिल्यांदा शेजाऱ्याचा पगार शोधू नका. एकट्या माणसाच्या आकड्यातून शहराचं काही कळत नाही.

समजा एका ओळीत मूळ पगार १,५०,००० डॉलर, ओव्हरटाइम ७०,०००, इतर २५,००० आणि पेन्शन-आरोग्यविम्यात शहराचा वाटा १,३०,००० असं आहे. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. एकूण ३,७५,००० होतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हाच आकडा येतो आणि वाचणारा म्हणतो, 'पोलीस पावणेचार लाख कमावतो!' त्याच्या हातात कर कापायच्या आधी २,४५,००० पडले. उरलेल्या १,३०,००० चा मोठा भाग जुन्या पेन्शनची थकबाकी फेडायला जातो, आणि ती थकबाकी त्या पोलिसाने केलेली नाही.

ओव्हरटाइमचा रकाना दिसला की लोक लबाडीचा वास घेतात. तसं लगेच ठरवू नका. जागा रिकाम्या असल्या तरी गस्तीच्या गाड्या चालूच ठेवाव्या लागतात. आहेत त्याच माणसांना जास्त तास राबवतात आणि दीडपट दर देतात. नवा पोलीस घेतला तर सहा महिने अकादमी, त्यानंतर वरिष्ठाबरोबर गस्तीचं शिक्षण, म्हणजे तो एकटा गाडी घेऊन निघेपर्यंत वर्ष सरतं. म्हणून खात्याचा एकूण ओव्हरटाइम आणि रिकाम्या जागांचा आकडा शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही मोठे असतील तर अडचण भरतीची आहे. जागा भरलेल्या आहेत आणि तरी ओव्हरटाइम फुगलाय, तर उमेदवाराला विचारायला तुमच्याकडे चांगला प्रश्न आहे.

पेन्शनचं गणित यापेक्षाही मोठं. १९९९ मध्ये राज्याने हायवे पोलिसांसाठी 'पन्नाशीला तीन टक्के' असं सूत्र आणलं आणि बघता बघता शहरांनी ते उचललं. नोकरीच्या दर वर्षाला पगाराचे तीन टक्के. तीस वर्षं झाली की नव्वद टक्के पेन्शन, वयाच्या पन्नाशीपासून. दीड लाखाच्या पगारावर वर्षाला १,३५,००० डॉलर, तेही पुढची तीस-पस्तीस वर्षं. २०१३ पासून नव्याने लागलेल्यांसाठी राज्याने हे कमी केलं. आता सूत्र सत्तावन्न वर्षांना २.७ टक्के, आणि किती पगार हिशेबात धरायचा त्यावरही मर्यादा. जुन्यांना दिलेलं वचन मात्र तसंच आहे, आणि शहरांच्या अंदाजपत्रकावर ते अजून काही दशकं राहणार. व्हॅलेहो शहराने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्याच्या सर्वसाधारण निधीचा बहुतांश भाग पोलीस आणि अग्निशमन दलावरच जात होता.

सॅन होजेने दोन्ही बाजूंची किंमत मोजली

आमच्या शहराची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण पाठिंब्याचं पत्रक हातात घेतलं की मला तीच आठवते.

२००२ च्या आसपास शहराचा पेन्शनवरचा वर्षाचा खर्च ७.३ कोटी डॉलर होता. दहा वर्षांत तो २४.५ कोटींवर गेला. ग्रंथालयांचे तास कमी झाले. २०११ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांत दहा टक्क्यांची कपात झाली आणि ६६ पोलिसांना कामावरून कमी केलं. जून २०१२ मध्ये मेयर चक रीड यांनी 'मेझर बी' हा पेन्शनकपातीचा ठराव मतदारांपुढे ठेवला. जवळजवळ सत्तर टक्के लोकांनी तो उचलून धरला. युनियन कोर्टात गेली. २०१३ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी त्यातली काही मोठी कलमं रद्द ठरवली.

पण पोलीस कोर्टाच्या निकालासाठी थांबले नाहीत. शेजारच्या शहरांत पगार चांगला, पेन्शन चांगली, माणसं तिकडे निघून गेली. अकादमीतून बाहेर पडलेली नवी मुलंसुद्धा गेली. म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च आमचा आणि पोलीस दुसऱ्या शहराचा. २००८ च्या सुमाराला चौदाशेच्या आसपास असलेली संख्या पुढे हजाराखाली आली, आणि तीही दहा लाख वस्तीच्या शहरात. घरफोडीची तक्रार दिली तर तपासाला कुणी येईल, ही अपेक्षाच लोकांनी सोडली. शहराने पैसे वाचवले हे खरं, पण त्याची किंमत आमच्या गल्ल्यांनी मोजली, हेही तितकंच खरं.

२०१४ च्या मेयरच्या निवडणुकीत पोलीस युनियन डेव्ह कोर्टीझ यांच्या मागे होती. पेन्शनकपातीच्या बाजूचे सॅम लिकार्डो थोडक्या मतांनी जिंकले. आता खटका उडणार असं वाटत होतं. झालं उलटंच. लिकार्डो युनियनांशी बोलायला बसले, दोन्हीकडून काही सोडलं गेलं, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये 'मेझर बी'च्या जागी 'मेझर एफ' आला, तोही मतदारांनी मंजूर केला. २०२२ मध्ये युनियनचा पाठिंबा सिंडी चावेझ यांना होता, निवडून आले मॅट मेहन. या शहरात पाठिंबा मिळाला म्हणून कुणी आपोआप निवडून आलं नाही, आणि पाठिंबा नव्हता म्हणून कुणी पोलिसांचा वैरी ठरला नाही.

म्हणून 'पगार कापा' म्हणणारा उमेदवार आला की त्याला मी रिकाम्या जागांबद्दल विचारते, आणि 'पोलिसांना हवं ते द्या' म्हणणारा आला की पेन्शनच्या थकबाकीबद्दल.

उमेदवाराला काय विचारायचं

पाठिंबा देण्याआधी युनियन उमेदवारांना लेखी प्रश्नावली पाठवते, बहुतेक वेळा मुलाखतही घेते. ती प्रश्नावली आणि स्वतः दिलेली उत्तरं दाखवा, असं उमेदवाराला सरळ ईमेलने विचारा. ज्याला पाठिंबा मिळाला नाही त्यालाही विचारा. शहरातल्या निवडणुकीत मतं थोडी असतात, त्यामुळे मतदाराच्या पत्राला उत्तर येतं. मी पाठवते तो मजकूर साधारण असा असतो:

'मी तुमच्या वॉर्डातली मतदार आहे. पोलीस युनियनच्या प्रश्नावलीला तुम्ही दिलेली उत्तरं मला पाहायला मिळतील का? पुढच्या करारात तुम्ही किती टक्के वाढीला मत द्याल, आणि त्याचे पैसे कुठल्या खर्चातून काढाल? रिकाम्या जागा भरण्यासाठी पगाराव्यतिरिक्त काय कराल? युनियन ज्याला विरोध करते असा एखादा निर्णय तुम्ही घेतला आहे का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. सध्याच सदस्य असलेल्याला तर जुन्या मतदानाचा दाखला देता यायला हवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा लिहा, आणि उमेदवारांच्या जाहीर चर्चेला जाऊन तोंडी विचारा. आपल्या मंडळींपैकी बरेच जण तिथे जायला संकोचतात, 'आपण काय बोलणार' म्हणतात. इंग्रजी कसंही असू द्या. कर तुम्ही भरता.

मतपत्रिकेत सुरक्षिततेच्या नावाने विक्रीकर वाढवायचा ठराव असेल तर आणखी एक गोष्ट बघा. तो सर्वसाधारण कर आहे की विशेष? सर्वसाधारण कराला निम्म्याहून एक मत जास्त पुरतं, पण तो पैसा कशावर खर्च करायचा याचं बंधन कौन्सिलवर नसतं. पत्रकावर अग्निशमनाची गाडी असली तरी नसतं. ठरावीक कामाला बांधलेला विशेष कर असेल तर साधारणपणे दोन-तृतीयांश मतं लागतात.

तुम्ही सॅन होजेत राहत नसाल तर

क्युपर्टिनो किंवा साराटोगात राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, की तुमच्या शहराचं स्वतःचं पोलीस खातंच नाही. शहर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफकडून, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडून, सेवा विकत घेतं. डेप्युटींच्या, म्हणजे शेरीफच्या पोलिसांच्या, युनियनचा करार काउंटीच्या पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांसमोर होतो, तुमच्या कौन्सिलसमोर नाही. तेव्हा पगाराचा प्रश्न सुपरवायझरच्या उमेदवाराला विचारा, आणि कौन्सिलच्या उमेदवाराला शेरीफच्या सेवेचं बिल किती वाढलं ते विचारा. सनीव्हेलमध्ये आणखी वेगळं आहे. तिथे १९५० पासून एकच अधिकारी पोलीसही असतो आणि अग्निशामकही. त्याचा पगार शेजारच्या शहरातल्या नुसत्या पोलिसाशी ताडून पाहिलात तर निष्कर्ष चुकेल.

न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला असाल तर सरकारी युनियनांचे करार राज्याच्या पब्लिक एम्प्लॉयमेंट रिलेशन्स कमिशनकडे मिळतात आणि निवडणुकीच्या देणग्या 'एलेक' या आयोगाकडे. तिथे करार जुळला नाही तर पोलिसांचा पगार लवाद ठरवू शकतो, त्यामुळे कौन्सिलचा हात आमच्यापेक्षा आखूड. नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी-रॅलेकडे, कायदा शहराला युनियनशी असा करार करूच देत नाही. तिथे पाठिंब्याचं वजन असतं, पण मागे करार नसतो. आणि हा एका पक्षाचा मामला आहे असं समजू नका. विस्कॉन्सिनमध्ये २०११ साली रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सरकारी युनियनांचे हक्क छाटले, तेव्हा पोलीस आणि अग्निशामकांना त्यातून वगळलं होतं.

मत दिल्यानंतर

करार संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, त्याच्या सहा महिने आधीची आठवणसुद्धा. इथे आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, बरेच करारही तेव्हाच संपतात. शहराच्या संकेतस्थळावर कौन्सिलची विषयपत्रिका ईमेलने मागवायची सोय असते. नियमित सभेच्या निदान ७२ तास आधी ती लावावी लागते. तिच्यात बंद सभेच्या यादीत 'कामगार वाटाघाटींबाबत चर्चा' अशा अर्थाची ओळ आणि पोलीस युनियनचं नाव दिसलं, की बोलणी सुरू झाली असं समजा. बंद सभेच्या आधीही नागरिकांना त्या विषयावर बोलू द्यावं लागतं, साधारण एक-दोन मिनिटं मिळतात. तिथे करार मंजुरीला यायच्या आधी बोलण्याचा उपयोग जास्त. मंजुरीच्या दिवशी मतं बहुतेक ठरलेली असतात. जाता आलं नाही तर सिटी क्लार्कला ईमेल पाठवा, विषयाचा क्रमांक लिहायला विसरू नका. क्रमांक असला की तुमचं पत्र त्या विषयाच्या कागदांना जोडलं जातं.